जे दिसलं तेच जर्नलमध्ये लिही

पत्र: ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय मायक्रोबायोलॉजी. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावातून शहरात शिकायला आले, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. नावं पाठ होत नाहीत, एकेक पान वाचायला तास लागतो. पण खरं दुखणं प्रॅक्टिकलचं आहे. बॅसिलस या काडीसारख्या जीवाणूची ग्रॅम स्टेनिंगची, म्हणजे रंग देऊन ओळखायची, स्लाईड तीनदा केली. तिन्ही वेळा काड्या गुलाबी आल्या, पुस्तकात जांभळ्या सांगितल्यात. माझ्या काड्यांच्या पोटात तर कोऱ्या, अंड्यासारख्या जागा दिसत होत्या. सर म्हणाले, तुझ्या हाताला वळण नाही. शेवटी मैत्रिणीच्या जर्नलमध्ये बघून ‘जांभळ्या काड्या’ असं लिहून सही घेतली. सुट्टीत आईनं विचारलं, ‘काय शिकून राहिली वं तू तिथं?’ मला चार वाक्यं सांगता आली नाहीत. पुढच्या वर्षी विषय बदलून केमिस्ट्री घेऊ का?

उत्तर:

तुझं पत्र वाचून आधी त्या कोऱ्या, अंड्यासारख्या जागांपाशी थांबले. एकोणतीस वर्षं शिकवलं मी हा विषय. स्लाईडवर नसलेल्या जांभळ्या काड्या जर्नलमध्ये काढणारी मुलं दर वर्षी भेटली, पण गुलाबी काड्यांच्या पोटातली कोरी जागा लक्षात ठेवून पत्रात लिहिणारी मुलगी क्वचितच भेटते. तू नीट पाहिलंस आणि मग जे पाहिलंस ते खोडून टाकलंस. मला काळजी त्या खोडण्याची वाटते, गुलाबी रंगाची नाही.

तर आधी गुलाबी रंगाचा उलगडा करू. हान्स क्रिस्टियान ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली बर्लिनमध्ये ग्रॅम स्टेनिंगची ही पद्धत छापली. न्यूमोनियानं दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात जीवाणू उठून दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. काही जीवाणू रंग धरून ठेवत होते, काही सोडून देत होते. पहिल्यांना आज ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात, दुसऱ्यांना ग्रॅम निगेटिव्ह. असं का, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपली पद्धत अजून अपुरी आहे, हे त्यानं त्या लेखातच लिहून टाकलं. आज जगभरातल्या प्रयोगशाळेत रोज होणारी ही गोष्ट अशी सुरू झाली, जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून.

आता तुझ्या हातातली स्लाईड घे. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, पाणी, आयोडीन एक मिनिट, पाणी. इथवर सगळेच जीवाणू जांभळे असतात, कारण रंग आणि आयोडीन यांची मिळून एक मोठी गाठ पेशीच्या आत बसलेली असते. मग येतं अल्कोहोल, आणि सगळा खेळ त्या दहा-पंधरा सेकंदांचा. ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूची भिंत म्हणजे जाड गोधडी, पेप्टिडोग्लायकनचे थरावर थर. अल्कोहोल लागलं की ती गोधडी आकसते, विणीतली भोकं बारीक होतात आणि रंगाची गाठ आतच अडकते. ग्रॅम निगेटिव्हची भिंत म्हणजे विरलेली ओढणी, तिच्यावर चरबीचा एक पातळ पडदा. अल्कोहोल तो पडदाच विरघळवून टाकतं आणि ओढणीच्या विणीतून रंग निघून जातो. मग सॅफ्रानिन हा गुलाबी रंग घातला की रंग गेलेली पेशी गुलाबी दिसते. एवढं समजलं की पेशीभित्तिकेच्या धड्यातलं अर्धं तुझं झालं. पेनिसिलिन ही भिंत बांधू देत नाही म्हणून ते ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूंना सहसा जास्त लागू पडतं, हेही मग वेगळं घोकावं लागत नाही.

आता बॅसिलस तर गोधडीवाला. तो गुलाबी का झाला? अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर गोधडीतूनही रंग धुऊन निघतो. स्लाईड बर्नरवर फार तापवली तर भिंत फाटते. म्हणून ज्योतीतून दोन-तीनदा झरकन फिरवायची आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघायची. चटका बसला तर जास्त झालं. पण तू तिसरं कारण स्वतःच लिहून पाठवलं आहेस. काड्यांच्या पोटातली ती कोरी अंडाकृती जागा म्हणजे स्पोअर. खायला कमी पडायला लागलं की बॅसिलस आपला वारसा एका कठीण कवचात बांधून ठेवतो. त्या कवचात साधा रंग शिरत नाही, म्हणून जागा कोरी दिसते. ताज्या, अठरा-वीस तासांच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या जीवाणूंत, स्पोअर इतके भरभरून दिसत नाहीत. म्हणजे तुला दिलेलं कल्चर बहुधा जुनं होतं, फ्रीजमधल्या स्लॅन्टवरचं, म्हणजे नळीत तिरक्या थिजवलेल्या माध्यमावरचं, असावं. जुन्या कल्चरमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींच्या भिंती कमकुवत होतात आणि त्या गुलाबी दिसू लागतात. हे पुस्तकांतही दिलेलं असतं, फक्त ‘मर्यादा’ या मथळ्याखाली शेवटच्या ओळीत, जिथवर कुणी पोचत नाही.

तुझी स्लाईड चुकलीच असेल असं नाही गं. ती बहुधा खरं सांगत होती. ‘गुलाबी काड्या, मध्ये न रंगलेल्या जागा, कल्चर जुनं असण्याची शक्यता’ असं जर्नलमध्ये लिहिलं असतंस तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कुठल्याही परीक्षकानं तुला पूर्ण गुण दिले असते. मी तर उभं राहून दिले असते.

पण ते खरंच असं होतं की तुझा हात अल्कोहोलवर जड पडला, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तूही नुसत्या त्या एका स्लाईडवरून सांगू शकत नाहीस. त्यासाठी एकाच स्लाईडवर तीन ठिपके घे. डाव्या टोकाला ग्रॅम पॉझिटिव्ह स्टॅफिलोकॉकस, उजव्या टोकाला ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलाय, दोन्ही ताजे, आणि मधोमध तुझा बॅसिलस. तिघांना एकच रंग, एकच पाणी, एकच अल्कोहोल. डावा ठिपका जांभळा आणि उजवा गुलाबी आला तर तुझा हात बरोबर आहे, मग मधला जसा दिसेल तसा मान. दोन्ही गुलाबी आले तर अल्कोहोल जास्त झालं. दोन्ही जांभळे राहिले तर कमी पडलं, किंवा ठिपका फार दाट घातलास. याला कंट्रोल म्हणतात. मला विचारशील तर मायक्रोबायोलॉजीचा पाया तो हाच. सूक्ष्मदर्शक, पेट्री प्लेट, इन्क्युबेटर ही झाली साधनं. आपलं आपल्यालाच खोटं पाडता येईल अशी सोय आधी करून ठेवायची आणि मग बघायचं, हा खरा अभ्यास.

हे मी शिकले ते रडून शिकले. एम.एस्सी.ला असताना दुधाच्या नमुन्यांतले जीवाणू मोजत होते. तीन आठवडे प्लेटा केल्या, आकडे सुरेख आले, आलेख काढला. आमच्या बाईंनी आलेखाकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, ‘कोरी प्लेट कुठे आहे?’ म्हणजे जिच्यावर नमुना घातलाच नाही, नुसतं आगर, म्हणजे जीवाणू वाढवायचं थिजणारं माध्यम, ओतून इतरांसोबत ठेवली ती. मी ठेवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ठेवली, तर तिच्यावरही वसाहती, म्हणजे जीवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवल्या. माझं माध्यमच नीट निर्जंतुक झालेलं नव्हतं. तीन आठवड्यांतली कुठली वसाहत दुधातली आणि कुठली माध्यमातली, हे आता कोण सांगणार? सगळं टाकून दिलं. त्यानंतर कोऱ्या प्लेटशिवाय मी एकही मोजणी केली नाही.

आणि स्पोअरचं म्हणशील, तर त्याची खरी गोष्ट आपल्या मुंबईपासून सुरू होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एवढ्याशा जागेत लस बनवायला बसले. रश्श्यासारख्या माध्यमावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जीवाणू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून दगडी सुळके लोंबावेत तसे. मग ते उष्णतेनं मारून लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला गेली, आजची हाफकिन संस्था तीच. १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस टोचली, आणि १९ माणसं धनुर्वातानं मेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं. खरं कारण पुढे तपासात निघालं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. मातीत धनुर्वाताच्या जीवाणूचे स्पोअर असतात. कार्बोलिक या जंतुनाशकाच्या पाण्यात चिमटा जरासा बुडवला तर त्यांना काहीही होत नाही. १९०७ साली मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला.

जमिनीवर पडलेला एक चिमटा आणि १९ माणसं. तुमच्या लॅबमध्ये जीवाणू उचलायची तारेची लूप लाल होईपर्यंत तापवायला सांगतात, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायला सांगतात, ते या कारणानं. आणि कुठली बाटली कुणाला टोचली याची नोंद नसती तर दोष लशीचा की बाटलीचा हे कळलंच नसतं. जर्नलमधली ओळ किती मोलाची असते ते यावरून बघ.

हे स्पोअर उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. म्हणून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, लागतो. १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. हे तीन आकडे तू पाठ केले असशीलच. पण आई कुकर लावते तेव्हा झाकणातून वाफेची धार सुटेपर्यंत शिटी ठेवत नाही, हे आठवतंय? आतली हवा बाहेर गेली पाहिजे. हवा राहिली तर दाब १५ पौंड दाखवेल, पण आतलं तापमान १२१ला पोचणार नाही. मारायचं काम वाफेच्या तापमानाचं आहे, दाब फक्त ते तापमान मिळवून देतो. माझं ते दुधाच्या मोजणीचं माध्यम बहुतेक याच चुकीनं बिघडलं होतं.

आईचा विषय निघालाच आहे तर तिला काय सांगायचं ते सांगते. तिला दह्याचं सांग. दूध तापवते म्हणजे आधीचे बरेच जीवाणू मारते. कोमट होऊ देते, कारण कढत दुधात विरजणातले मरतील. चमचाभर विरजण घालते, तुम्ही लॅबमध्ये त्याला इनॉक्युलम म्हणता. पहिला काही वेळ काहीच होत नाही, जीवाणू नव्या जागेत रुळत असतात, ती लॅग फेज. विरजण थेट फ्रीजमधून काढलं असेल तर हा वेळ वाढतो, तिला हे तुझ्याआधीपासून माहीत आहे. मग ते एकाचे दोन, दोनाचे चार होत सुटतात. दुधातल्या साखरेचं आम्ल बनत जातं, आणि आम्लता पीएच ४.६च्या आसपास आली की दुधातलं केसीन हे प्रथिन थिजतं, दही लागतं. तसंच ठेवलं तर आंबट होत जातं, आणि शेवटी त्या आम्लानं विरजणाचे जीवाणूच थबकतात. वाढीचा आलेख म्हणून चार टप्पे पाठ करतेस ना, त्यातले तीन त्या भांड्यात आहेत. चौथा, मरणाचा, बघायचा तर ते दही विसरून जावं लागेल.

‘एकाचे दोन’ म्हणजे काय, तो हिशेब एकदा हातानं करून बघ. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी आठला एक पेशी, तर दहा तासांत तीस पिढ्या. दोनाचा तिसावा घात, म्हणजे संध्याकाळी सहाला १०७ कोटींवर. हा आलेख साध्या कागदावर काढलास तर दुपारपर्यंत रेघ जमिनीलाच चिकटलेली दिसेल. लॉग कागद, ज्यावर एकेक टप्पा आधीच्या दहापट असतो, तो का वापरतात हे तेव्हा कळेल, सांगावं लागणार नाही.

सीरियल डायल्यूशनचं, म्हणजे टप्प्याटप्प्यानं पातळ करत जाण्याचं, गणितही तसंच, सूत्र घोकू नकोस. एक मिली दही नऊ मिली सलाइनमध्ये घातलं की ते दहा पट पातळ झालं. असं सहा वेळा केलं की दहा लाख पट. शेवटच्या नळीतलं ०.१ मिली प्लेटवर पसरलं आणि ६४ वसाहती आल्या, तर एक मिलीत ६४० आल्या असत्या, आणि मूळ दह्याच्या एका मिलीत ६४० गुणिले दहा लाख, म्हणजे ६४ कोटी. मोजताना ३० ते ३०० वसाहतींचीच प्लेट घ्यायची, कारण ३०च्या खाली नशिबाचा भाग फार असतो आणि ३००च्या वर त्या एकमेकींत मिसळतात. दर नळीला पिपेट मात्र नवी घे. जुन्या पिपेटच्या भिंतीला चिकटलेलं दही पुढच्या नळीत गेलं की सगळा हिशेब फुगतो.

नावांचं म्हणतेस, तर ती घोकून येत नाहीत, फोडून येतात. स्टॅफिलो म्हणजे द्राक्षांचा घड, कॉकस म्हणजे गोल दाणा, ऑरियस म्हणजे सोनेरी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे नाव म्हणजे स्लाईड आणि प्लेट दोन्हींचं वर्णन झालं. स्ट्रेप्टो म्हणजे माळ. बॅसिलस म्हणजे छोटी काडी. एशेरिकिया, यर्सिनिया ही माणसांची आडनावं आहेत, एशेरिक आणि येर्सँ यांची. हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मार, इंग्रजीत पहिल्या शब्दाचं पहिलंच अक्षर मोठं. यासाठी गुण कापतात आणि बरोबरच कापतात.

इंग्रजीला घाबरतेस, त्यावर एकच उपाय मी स्वतः करून पाहिलेला आहे. एक वेगळी वही कर. प्रॅक्टिकलची प्रत्येक पायरी इंग्रजीत उतरव आणि समोर मराठीत एकच प्रश्न लिही, ‘हे का?’ उत्तर सापडेपर्यंत जागा रिकामी ठेव. ‘आगरच का?’ असं लिहिलंस तर तुला फॅनी हेसे सापडेल. जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, शिवाय काही जीवाणू ते पचवून पातळ करायचे. १८८१च्या सुमारास तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेंच्या या बायकोनं सुचवलं की मी जेली करताना वापरते ते आगर घालून बघा. आपल्याकडे पुडिंगसाठी मिळतं ते चायना ग्रास म्हणजे तेच. ते उकळीच्या जवळ वितळतं आणि ४० अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये घट्ट राहतं. ‘प्लेट उलटी का ठेवायची?’ तर झाकणावर साचलेलं पाणी वसाहतींवर टपकू नये म्हणून. अशी चाळीस-पन्नास उत्तरं जमली की इंग्रजी पान वाचायला तास लागणार नाही, कारण पानावर काय असणार ते तुला आधीच ठाऊक असेल.

एक गोष्ट तुझ्याच जिल्ह्यातली. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा तू शाळेत असशील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तर रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा निघाला. आर्किया दिसायला जीवाणूंसारखेच, पण त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसतं. १९७७मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवरून दाखवून दिलं की हे वेगळंच घराणं आहे. डोळ्यांना दिसतं ते लिहायचंच, पण तिथे थांबायचं नाही, हे लोणारच्या पाण्यासारखं दुसरं कुणी शिकवणार नाही. गावी गेलीस की काठावर जाऊन ये.

केमिस्ट्री वाईट नाही. तिची ओढ असेल तर जरूर जा. गुलाबी स्लाईडला घाबरून जाऊ नकोस, एवढंच. हे सत्र ती वही लिहून काढ आणि मग ठरव. नोकरीचं विचारलं नाहीस, तरी सांगते. औषध कंपन्या, दूध संघ, पाणी तपासणी, रुग्णालयांच्या लॅब, सगळीकडे स्लाईडवर आहे तेच लिहिणारी माणसं लागतात.

एक सक्त ताकीद. उत्साहाच्या भरात होस्टेलच्या खोलीत प्लेटांवर काही वाढवू नकोस. हातावरचं, फोनवरचं वाढवून बघायची मुलांना हौस असते. प्लेटवर कोण वाढेल हे आपल्या हातात नसतं, आणि मारून टाकायला खोलीवर ऑटोक्लेव्ह नसतो. घरचं दही मात्र लॅबमध्ये नेता येईल. थेंबभर पाण्यात पातळ कर, नाहीतर चरबीच्या थेंबांत काही दिसणार नाही, आणि ग्रॅम स्टेन कर. जांभळ्या माळा आणि जांभळ्या काड्या दिसतील. फोटो काढून आईला पाठव.

आणि सही घेतलेलं ते पान फाडू नकोस. त्याखाली आजची तारीख घाल आणि खरं काय दिसलं होतं ते लिही. सरांना काय सांगू, असं वाटेल. त्यांनी बोलू नये ते बोलले, पण तीस मुलांच्या बॅचमध्ये वाकून प्रत्येकाच्या आयपीसमध्ये बघणाऱ्या माणसाकडे वेळ किती असतो तेही मी जाणते. पुढच्या प्रॅक्टिकलला सुरुवातीलाच त्यांच्यापाशी जा आणि एवढंच विचार: ‘सर, बॅसिलसचं ताजं कल्चर मिळेल का? आणि त्याच स्लाईडवर दोन बाजूंना स्टॅफ आणि ई. कोलाय घेतलं तर चालेल का?’